शेंदराखालची राणी

बंदुकांची नोकरी केलेल्या माणसाला दिवाळीत फटाके फार आवडत असतील, असा लोकांचा समज असतो. मला ते मुळीच आवडत नाहीत. तीस वर्षं मी बंदुका उघडल्या, पुसल्या, जोडल्या, पण आजवर माझ्या हातून एक चिमणीसुद्धा मेलेली नाही. पोलिसांच्या शस्त्रागारात मी आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे बंदुकांचा मिस्त्री, दुसरं काही नाही. खेड्यात गेलं की लोक ‘मिस्त्रीसाहेब’ म्हणत. त्यातलं साहेब हे सरकारी टोपीमुळे होतं.

संपादकांनी नोकरीतलं काही लिहा म्हणून गळ घातली. कुठे नेमणूक झाली आणि कुठे बदली झाली हे सांगून ऐन दिवाळीत वाचकांना कंटाळा आणण्यात अर्थ नाही. मी वारसांकडे आलेल्या जुन्या लष्करी रायफलींबद्दल लिहितो. त्यातली एक गोष्ट मला सांगून टाकायची आहे, हेही खरं.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. इंग्रजी पलटणीत नोकरी केलेली म्हातारी माणसं एकेक करून जात होती आणि त्यांच्या माळ्यावरून, कणगीमागून बंदुका खाली येत होत्या. परवाना मेलेल्या माणसाच्या नावावर आणि बंदूक मात्र धडधाकट, अशी अवस्था. मुलानं परवान्यासाठी अर्ज केला की कचेरीतून मला हुकूम यायचा: जाऊन पाहा, ही वस्तू नक्की आहे काय. पुण्याच्या वायव्येचा, चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा माझ्याकडे होता. तेव्हा तिथे ज्वारी-बाजरीची शेतं होती. आज त्याच शेतांत कारखान्यांचे भोंगे वाजतात.

हे पाहणं का लागायचं, ते सांगतो. साधी बंदूक शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवता येत असे. लष्करी रायफल येत नसे. त्यातही, पलटणीतली रायफल घरात सापडली आणि ती सरकारनं रीतसर दिल्याची किंवा विकल्याची खूण तिच्यावर नसली, तर तो चोरीचा माल ठरायचा. मग ज्याच्या घरात ती सापडली, त्याच्यावर खटला. चोरणारा चाळीस वर्षांपूर्वी वारला असला तरी.

खूण म्हणजे काय? सरकारी मालावर बाणाच्या टोकासारखा छाप असतो. माल सरकारनं विकून टाकला की त्या टोकाला टोक भिडवून दुसरा बाण मारतात. दोन बाण समोरासमोर दिसले की घरमालक निर्धास्त. शिवाय मुकुट, राजाराणीची अक्षरं, कारखान्याचं नाव आणि साल असतं. आम्ही आधी हे वाचायचो आणि घरच्यांची हकिकत मागाहून ऐकायचो, कारण हकिकत सगळीकडे एकच असायची. आजोबा, लढाई, जखमी साहेब आणि साहेबानं खूश होऊन दिलेलं बक्षीस. मी पाहिलेल्या सगळ्या हकिकती खऱ्या असत्या, तर इंग्रज पलटणीत साहेबांना जखमी होण्यापलीकडे काही काम नव्हतं असं म्हणावं लागेल.

लोकही नाना तऱ्हेचे भेटले. चाकणच्या पेठेत एक मणियार होते. त्यांच्या वडिलांची रायफल त्यांनी दुकानाच्या दाराला अडसर म्हणून लावली होती. मी ती जप्त केली तेव्हा त्यांची एकच तक्रार होती, की आता दाराला काय लावू. चिंचवड गावठाणातल्या एका गृहस्थांनी आजोबांच्या बंदुकीसाठी काचेचं कपाट करून घेतलं होतं. आजोबा सत्तावनच्या बंडात लढले, असं घरात सांगत. नळीत पाहायची आमची रीत साधी आहे. मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरायचं, नखावर पडलेला उजेड नळीत शिरतो, मग पुढून डोळा लावायचा. रायफल असेल तर आत पिळाच्या खाचा दिसतात, त्या खाचांमुळे गोळी सरळ जाते. या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत होती. बंडानंतर सरकारचा देशी शिपायांवर भरवसा उरला नाही, म्हणून त्यांना मुद्दाम अशा बिनखाचांच्या बंदुका दिल्या गेल्या. म्हणजे आजोबा पलटणीत होते खरे, पण बंड मोडल्यानंतर. चहा घेता घेता मी हे त्या गृहस्थांना सांगितलं. ते कपाटाकडे पाहून म्हणाले, ‘‘म्हणजे सरकार आमच्या आजोबांना घाबरत होतं तर.’’ कपाट त्यांनी काढलं नाही.

आता चिखलीची गोष्ट.

चिखलीत एका घराला सारं गाव ‘हवालदाराचं घर’ म्हणायचं. हवालदार वारून वर्ष झालं होतं. मुलगा दगडू, पन्नाशीचा, थोडक्या जमिनीचा शेतकरी, कमी बोलणारा. नातू मारुती तेवीस-चोवीसचा, शाळा शिकलेला, अंगानं उंचापुरा. मारुतीची देहूरोडच्या बाजूला एका लष्करी डेपोत पहारेकरी म्हणून निवड झाली होती. कामावर घेण्याआधी घरावर काही गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला लागायचा, आणि त्याला आठ दिवसांची मुदत होती. नेमका त्याच वेळी दगडूचा वारसाचा अर्ज कचेरीत वर आला. हवालदाराच्या जुन्या परवान्यात कुणा कारकुनानं लिहिलं होतं: मार्टिनी रायफल, बक्षीस. बक्षिसाचा कागद मात्र नव्हता. ठाण्याचे जमादार शेख सरळ माणूस, पण त्या जागी नवे. त्यांनी दगडूला सांगितलं होतं, ‘‘विक्रीची खूण निघाली तर ठीक. नाही निघाली तर हा चोरीचा लष्करी माल. मग खटला तुमच्यावर आणि पोराचा दाखला विसरा.’’

भाद्रपद सरत आला होता. मी चिंचवड स्टेशनला उतरून भाड्याच्या सायकलीवर चिखली गाठली. चावडीत पोलीस पाटील, दोन पंच, जमादार आणि निम्मं गाव जमलं होतं. दगडूनं नव्या धोतरात गुंडाळलेली बंदूक घोंगडीवर ठेवली आणि मला म्हणाला, ‘‘सायेब, पायताण काढून हात लावा.’’

मी बूट काढले. धोतर बाजूला झालं तेव्हा कारण कळलं. खंडेनवमीला हत्याराची पूजा सगळेच करतात, कुंकवाचं बोट लावतात. इथे बोट नव्हतं, शेंदराचा थर होता, चांगला अर्धा बोट जाडीचा, तेलात कालवून वर्षानुवर्षं चढवलेला. पाटलांनी माहिती दिली, की दसऱ्याला गाव शीव ओलांडून आपट्याची पानं आणायला जातं तेव्हा ही बंदूक सगळ्यांच्या पुढे असते. तिच्यामागे पाटील, मग गाव. तो या घराचा मान. ‘‘हवालदारानं सरहद्दीवर साहेबाला पाठीवर घेऊन नाला पार केला होता,’’ पाटील म्हणाले. ‘‘त्याचं हे बक्षीस.’’

घाट मार्टिनीचा होता. खाली लोखंडी तरफ, ती ओढली की मागचं दार खाली बसतं आणि तिथून काडतूस घालतात. डाव्या बाजूचं लोखंड स्वच्छ होतं, नुसतं तेल लावलेलं. शेंदूर सगळा उजव्या गालावर. मार्टिनीच्या खुणा उजव्याच गालावर असतात. उजव्या हाताचा माणूस शेंदूर उजवीकडेच थापणार, असं म्हणून मी तो विचार सोडून दिला. लोखंडाच्या बाबतीत मी इतका बावळटपणा कधी केला नसता.

‘‘शेंदूर काढावा लागेल,’’ मी म्हणालो.

‘‘शेंदूर काडायचा न्हाई,’’ दगडू म्हणाला. ‘‘देव हाय त्यो.’’

‘‘दगडूभाऊ, मग मला लिहावं लागेल की खूण दाखवायला नकार दिला,’’ जमादार म्हणाले. ‘‘त्याचा अर्थ कचेरीत काय लावतील, सांगा.’’

तेव्हा मारुती पुढे आला. ‘‘आबा, काडू द्या. आज्ज्याचं बक्षीस हाय, खूण निघंलच. एकदा निघाली म्हंजी पुन्ना कोन शंका घ्यायचा न्हाई.’’

‘‘आज्ज्यानं सांगून ठिवलंय, शेंदराला हात लावायचा न्हाई.’’

‘‘आज्जा असता तर त्यानंच काडला असता,’’ मारुती म्हणाला. त्यानं बंदुकीच्या पाया पडून माझ्या पिशवीतली रॉकेलची चिंधी घेतली. परक्याच्या हातानं देवाचं अंग खरवडलं जाऊ नये एवढाच त्याचा हेतू होता. दगडू उठून चावडीच्या खांबाकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून बसला. मारुतीनं हलक्या हातानं, न्हाऊ घालावं तसा तो थर उतरवला. घटका-दीड घटका गेली. आधी मुकुट दिसला, तेव्हा तो माझ्याकडे पाहून हसला. खाली राणीची दोन अक्षरं, त्याखाली कारखान्याचं नाव, त्याखाली साल.

मी भिंग लावलं आणि माझी कळी खुलली. खुलली म्हणतो, कारण तसंच झालं. आमच्या धंद्यात ज्या गोष्टी नुसत्या ऐकून असतो, त्यातली एक माझ्या हातात होती. मुकुट वाकडा. कारखान्याच्या नावातला एन उलटा. अक्षर न कळणाऱ्या माणसानं नुसतं पाहून ते कोरलं होतं. आणि साल एकोणीसशे सहा. राणी वारली एकोणीसशे एकला. तिच्यामागे गादीवर राजा बसला आणि त्यानंतरच्या बंदुकांवर राजाची अक्षरं आली. सरहद्दीपलीकडे पठाण कारागीर हातानं अशा बंदुका घडवायचे, खऱ्या रायफलीवरचा छाप जसाच्या तसा उतरवायचे आणि बाजारात मांडायचे. नखाचा उजेड पाडून नळी पाहिली. गुळगुळीत, खाचेचा पत्ता नाही.

हे मला जमादारांच्या कानात सांगता आलं असतं. पण चावडी भरलेली होती आणि पारख माझी होती. मी उभा राहिलो आणि गावाला सगळं समजावून सांगितलं. उलटा एन दाखवला. राणी कधी वारली ते सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘म्हंजी राणीनं मेल्यावर बंदूक धाडली म्हना की.’’ चावडी हसली. मीही हसलो.

‘‘मग सरकारी माल नाहीच?’’ जमादारांनी विचारलं.

‘‘नाहीच. लष्कराचा तर संबंधच नाही. नळीत खाचा नाहीत, म्हणजे कायद्यानं ही रायफलसुद्धा नाही. साधी बंदूक.’’

‘‘सुटलात, दगडूभाऊ,’’ जमादार मनापासून म्हणाले.

मला वाटलं, आता मारुती पाया पडेल. खटल्यातून बाप सुटला होता आणि नोकरी वाचली होती. मारुती हातातल्या लाल चिंधीकडे बघत होता. ‘‘सायबानं आज्ज्याला खोटी दिली आसंल,’’ तो म्हणाला. ‘‘आज्ज्याला काय ठावं आसनार?’’

मी ‘असेल’ म्हणायला हवं होतं. त्या एका शब्दात सगळं निभावलं असतं. पण मी तेव्हा पुरता रंगात आलो होतो. ‘‘साहेब लोक हा माल जवळ बाळगत नसत,’’ मी म्हणालो. ‘‘हा बाजारातच मिळतो.’’

जमादारांनी पंचनामा लिहायला घेतला आणि एका रकान्याशी थांबले. बंदूक मुळात कोठून आली? परवान्यात बक्षीस लिहिलं होतं आणि ते तर आता खोटं पडलं. ते दगडूला म्हणाले, ‘‘इथे काहीतरी खरं लिहावं लागेल. नाहीतर कागद फिरून येईल, आणि आठ दिवसांत मग काही होत नाही.’’

दगडूनं तोंड आमच्याकडे वळवलं. त्यानं आधी मारुतीकडे बघितलं, मग पाटलांकडे.

‘‘लिवा,’’ तो म्हणाला. ‘‘माजा बा पलटनीत लांगरी व्हता. सैपाक करायचा. शिपाई न्हवता, हवालदार बी न्हवता. बंदूक त्यानं पेशावराकडं बाजारात इकत घेतली.’’

चावडीत कुणी हसलं नाही. जमादार लिहीत होते म्हणून दगडू थांबून थांबून सांगत गेला. बंदूक खांद्यावर टाकून बा गावात आला, तेव्हा लोकांनीच त्याला हवालदार म्हटलं. बा नाही म्हणाला नाही. पुढे एकदा चऱ्होलीचा एक रजेवरचा शिपाई घरी जेवायला आला. बंदुकीवरची अक्षरं वाचून तो गालातल्या गालात हसला आणि काही न बोलता जेवून गेला. त्या वर्षीच्या खंडेनवमीपासून बानं त्या जागेवर शेंदूर चढवायला सुरुवात केली. हे सगळं त्यानं जाताना एकट्या दगडूला सांगितलं होतं.

‘‘झालं,’’ दगडू म्हणाला आणि अंगठा पुढे केला. जमादारांनी त्याच्या अंगठ्याला शाई लावली. मारुती तोवर चावडीतून निघून गेला होता.

पाचव्या दिवशी मारुतीला दाखला मिळाला आणि तो नोकरीवर रुजू झाला. माझ्या अहवालाचं कचेरीत कौतुक झालं. नव्या माणसांना शिकवताना उलट्या एनची गोष्ट मी कितीतरी वर्षं सांगत असे. दगडूचं नाव त्यात नसायचं, एवढी तरी सभ्यता पाळली.

माघात एका दुपारी दगडू शस्त्रागारात आला. बरोबर धोतरात गुंडाळलेली बंदूक. परवाना त्याच्या नावावर झाला होता, तरी त्याला ती कायमची जमा करायची होती. मी पावतीपुस्तक काढलं आणि दसऱ्याचं विचारलं.

‘‘गावानं बोलावलं व्हतं,’’ तो म्हणाला. ‘‘पाटील सोता आलं. म्हनले, आमाला काय, आमची चाल हाय, घिऊन या. मीच न्हेली न्हाई.’’

‘‘आणि मारुती?’’

‘‘आयतवारी येतो. आयशीसंगं बोलतो. माज्यासंगं न्हाई.’’ त्यानं बंदूक मेजावर ठेवली. ‘‘म्हनतो, मेलेल्या मान्साला चावडीत उघडा केला. आज्ज्याच्या मांडीवर वाढलेलं पोर हाय, सायेब. त्याचं बी चुकत न्हाई.’’

मी पावती लिहू लागलो. दगडू समोर उभाच होता. मग त्यानं विचारलं, ‘‘सायेब, एक इचारतो. त्या दिशी मी ‘मला ठावं न्हाई’ म्हनलो असतो, तर चाललं असतं का?’’

आता इथे जे सांगायचं त्यासाठी एवढं लिहिलं. चाललं असतं. बंदूक सरकारी नाही, नळी गुळगुळीत आहे, हे ठरल्यावर ती मुळात कुठून आली याला कचेरीत कुणी विचारत नव्हतं. त्या रकान्यात ‘माहीत नाही’ असं लिहिलेले निम्मे कागद माझ्याच हाताखालून गेले होते. जमादार नवे होते, त्यांना ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. दगडू तोंड वळवून मारुतीकडे पाहत होता तेव्हाही ठाऊक होतं. मी बोललो नाही, कारण मला ऐकायचं होतं. शेकडो बंदुका पाहिल्या, पण एखादी घरात खरोखर कशी आली हे मला कुणी कधी खरं सांगितलं नव्हतं. आणि हा माणूस सांगायच्या बेतात होता. तेवढ्या कुतूहलापायी मी गप्प बसलो. याची मला आजही लाज वाटते.

‘‘नाही,’’ मी दगडूला म्हणालो. ‘‘चाललं नसतं. सांगावंच लागलं असतं.’’

‘‘न्हाई सांगितलं तर?’’

‘‘पोराची नोकरी गेली असती.’’

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. खोटं ओळखण्यात माझा हातखंडा, बोलण्यात नव्हे, म्हणून मी पावतीवर मान घातली. जरा वेळानं त्यानं मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला.

‘‘मंग इलाज न्हवता,’’ तो म्हणाला.

‘‘नव्हता.’’

मी दिलेली पावती त्यानं चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. ‘‘आयतवारी मारुतीला सांगतो,’’ तो म्हणाला. ‘‘म्हनतो, मिस्त्रीसायबांनाच इचार.’’